डायवर साइड, येऊ द्या!

तिकिटाच्या पंचने बसच्या दांड्यावर दोनदा मारायचं, टन्-टन्, आणि मोठ्याने म्हणायचं, "जाऊ द्या, भाऊ!" आमच्या कंडक्टरचं सगळं आयुष्य या दोन ठोक्यांवर चाललं होतं. दोन ठोके म्हणजे गाडी सोडा, एक ठोका म्हणजे थांबवा, हा एसटीचा जुना रिवाज. पुढे तिकिटाची मशीन आली, पंचला काम उरलं नाही, तरी याच्या खिशातला पंच काही हलला नाही. पंगतीत वरण यायला उशीर झाला की ताटाच्या काठावर टन्-टन्. दवाखान्यात नंबर सरकेना की बाकड्यावर टन्-टन्. डेपोतल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण लांबत चाललं, तेव्हा याने खुर्चीच्या पायावर एकच ठोका मारला. पाहुण्यांना काही कळलं नाही. आम्ही सगळे मात्र माना खाली घालून हसत होतो.

मी ड्रायव्हर. गडचिरोलीहून सुटणारी एटापल्लीची मुक्कामी गाडी आम्ही दोघांनी कित्येक वर्षं ओढली. तुम्ही त्या गाडीने कधी गेला असाल तर याला नक्की पाहिलं असेल. बारीक अंगाचा, मोठ्या मिशीचा, आणि कोणाची कोंबडी कोणाच्या सीटखाली आहे हेही ज्याला पाठ, तो हाच.

आमचं खरं जमायचं ते रिव्हर्सला. मुक्कामाला गाडी लावायची जागा अशी, की एका बाजूला हँडपंप आणि दुसऱ्या बाजूला चहाची टपरी. हा खाली उतरून मागे उभा राहायचा आणि ओरडायचा, "येऊ द्या, येऊ द्या... डायवर साइड... आता कंडक्टर साइड थोडीशी... येऊ द्या..." आणि मग मागच्या पत्र्यावर एकच थाप. डावं-उजवं हे शब्द आमच्यात नव्हतेच. मागे उभ्या माणसाचं डावं कोणतं आणि आरशातलं उजवं कोणतं, या भानगडीत टपरीवाल्याचा संसार गेला असता. डायवर साइड म्हणजे माझी बाजू, गाडीची उजवी. गाडीचं तोंड कुठेही असो, ती बदलत नाही. आरशापेक्षा माझा त्याच्या आवाजावर भरवसा जास्त होता.

त्याच टपरीवर एका संध्याकाळी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. परदेशातला कोणी म्हातारा शेतात उभा राहून रिमोटवर विमान उडवत होता. दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन नावाचं लढाऊ विमान, पाचपट लहान करून घरी बनवलेलं.

"खेळनं मस्त आहे," मी म्हणालो.

"खेळनं काऊन म्हन्ता? पेट्रोलवर चालते ते. आठ फुटाचे पंख आहेत. मी बनवून राह्यलो."

"बनवून राह्यले का बनवनार आहा?"

"बनवून राह्यलो," तो म्हणाला आणि टेबलावर टन्-टन् केलं.

थाप नव्हती. काही दिवसांपासून गाडीच्या मागच्या सीटखाली बांबूच्या कांबी असायच्या. मला वाटत होतं, वहिनींच्या वालाच्या वेलाला मांडव घालतोय. त्या कांबी विमानाच्या बरगड्या निघाल्या. वाटेतल्या गावच्या बुरडाकडून तो त्या हव्या तशा पातळ तासून घ्यायचा. इंजिन धान कापायच्या मशीनचं होतं. चाकं शेजारच्या पोराच्या मोडक्या तीनचाकीची. हे सगळं बघून मी विचारलं, "हे उडनार का धान कापत जानार?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी विनातिकीट सापडलो होतो.

त्याचं क्वार्टर दोन खोल्यांचं. विमानाचं नाक टीव्हीसमोर आणि शेपटी स्वयंपाकघरात. वहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा आणायला शेपटीखालून वाकून यायच्या. "माह्या घरात सून आली असती त तिनं बी इतली जागा नसती घेतली," असं म्हणायच्या आणि वाकता वाकता शेपटीवरची धूळ पदराने पुसायच्या. ते धूड अंगणात काढायचं म्हणजे सोहळाच. वहिनींनी नाक धरायचं, याने शेपटी, आणि दारातून निघताना याचा बसचा आवाज सुरू, "येऊ द्या, येऊ द्या... डायवर साइड..."

"मी का बस आहो?" वहिनी चिडायच्या. पण नाक बरोबर डायवर साइडला वळवायच्या.

ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा चालू झालं, त्या दिवशी सगळ्या ओळीतल्या कोंबड्या पळाल्या, पंख्याच्या वाऱ्याने दोरीवरचे कपडे उडाले आणि मी अंगणात चक्क नाचलो. तोवर मी थट्टा करत होतो. त्यानंतर मला स्वप्नातसुद्धा ते इंजिन ऐकू यायला लागलं.

आता सांगाड्याला कापड लावायचं होतं. खऱ्या हरिकेनच्या मागच्या अंगाला कापडच असे, आणि मॉडेलवाले त्यासाठी रेशीम वापरतात, हे त्याने वाचलं आणि उभाच राहिला. "रेशीम त आपल्याच इथी आहे न भाऊ! कोसा!" आमच्या भागात जंगलातल्या कोशांचं हे रेशीम विणणारी घरं आहेत. कापड आलं, बरगड्यांवर ताणून चिकटलं. त्यावर डोप नावाचं एक रोगण लावतात, ते वाळलं की कापड घट्ट बसतं. रोगण कुरिअरने यायचं होतं, ते येईना. वहिनी म्हणाल्या, "त्याले कायले पायजे रोगन? मांड लावू." धानाच्या मुलखात कापड कडक करायचं तर भाताचा मांड लावायचा, यात विचार करण्यासारखं काय आहे? लावला. सकाळपर्यंत पंख असे कडक, की टिचकी मारली तर ढोलकी वाजावी. तो खूश, वहिनी खूश, मीही जाणकारासारखी मान डोलावली.

दिवस कापणीनंतरचे. घरात नवं धान आलेलं, त्याची ढोली, म्हणजे बांबूची कणगी, त्याच खोलीत, आणि धानामागे उंदीर आलेले. त्यांना धान सोलायचाही त्रास उरला नाही. शिजलेल्या भाताचं आठ फुटाचं ताट कोणीतरी वाढून ठेवलं होतं. दुसऱ्या सकाळी पंखांवर कापड नव्हतं, नुसत्या कांबी.

"उंदरांनी विमान खाल्लं" ही बातमी डेपोत माझ्या आधी पोचली. लोक पोट धरून हसले, आणि पहिल्या दिवशी मीही हसलो. पण त्यानंतर हा गाडीत ठोके द्यायचा तेवढेच. टपरीवर टेबल वाजेना, पंगतीत ताट वाजेना. मला ते बघवेना.

काही दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो, तर वहिनींनी लोखंडी पेटी उघडलेली. हातात लग्नातली कोशाची साडी, मधाच्या रंगाची, लाल काठाची.

"मांड मी लावला. उंदरं माह्यापायी आले. हे घ्या."

"नाई," तो म्हणाला. "आन् ते पडलं त?"

"पडलं त पडलं. पेटीत ठेवून कोनाले दाखवू? पन आता मांड नाई लावाचा."

त्याने साडी हातात घेतली. मग पंच काढून पेटीच्या झाकणावर अगदी हळू दोन ठोके दिले. वहिनींनी तोंड फिरवलं आणि मीही उगाच बाहेर कोंबड्या बघायला गेलो.

या वेळी रोगण आल्यावरच काम झालं. लाल काठ पंखांच्या कडेने लागला. आता प्रश्न नुसत्या विमानाचा राहिला नव्हता. वहिनींच्या लग्नाची साडी आभाळात जाणार होती आणि ती धडधाकट परत यायला हवी होती. आणि अशा वेळी हा मला म्हणतो, "चालवाचं तुमी."

"मी?"

"मी कंडक्टर मानूस. घंटी मी देईन. स्टेरिंग तुमचं."

झालं! लॅपटॉपवरच्या खोट्या विमानावर सराव सुरू झाला. विमान लांब जाताना मी राजा. पण ते वळून माझ्याकडे तोंड करून आलं, की त्याचं उजवं माझं डावं व्हायचं आणि हात भलतीकडे जायचा. शिवाय पाय ब्रेक शोधायचा तो वेगळाच. मी इतकी विमानं पाडली, की शत्रूने मला पदक दिलं असतं.

आमच्या जिल्ह्यात आभाळात काही सोडायचं तर आधी पोलिसांना विचारावं लागतं. साहेब स्वतः घरी आले, विमानाभोवती फिरले, शेपटीखालून वाकून चहा घेतला आणि एक सकाळ दिली. एकच. जागा ठरली कंडक्टरच्या गावचा तलाव. उन्हाळ्यात तो कोरडा ठक्क पडतो. पण तळाला गुरांच्या खुरांचे खड्डे, त्यावर तीनचाकीची चाकं काय टिकणार? गावातल्या बायांनी त्यावर पाणी मारलं, माणसांनी धुमस घेऊन जमीन ठोकली, वरून शेणाने सारवलं. धान मळायला खळं करतात तसंच, फक्त लांबच लांब. आणि खळं म्हटल्यावर त्यावर चप्पल घालून जाता येत नाही. गावातल्या एका म्हाताऱ्याने साहेबांनाच सांगितलं, "बूट काढा, साहेब." साहेबांनी बूट काढले. बरोबरच्या जवानांनीही काढले. मीही अनवाणी, हातात रिमोट.

इंजिन लागलं. कंडक्टरने खळ्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बरोबर आणलेल्या लोखंडी नळीवर पंच मारला. टन्-टन्! "जाऊ द्या, भाऊ!"

मी दिलं सोडून! विमान सुटलं, शेपटी उचलली, चाकं एकदा उडाली, दोनदा उडाली आणि तिसऱ्यांदा खाली आलीच नाहीत. अख्खा तलाव ओरडला. "गेलं वं माय!" वहिनी किंचाळल्या. ते वळलं तेव्हा उन्हं कोशातून आरपार आली. बांबूची कांब न् कांब दिसत होती, काठ लाल दिसत होता, आणि ते धान कापायचं इंजिन आभाळात गरजत होतं. साहेब अनवाणी उड्या मारत होते. इतका आनंद मला पहिल्यांदा एसटीचं स्टिअरिंग हातात आलं तेव्हाही झाला नव्हता.

पण उतरवायचं होतं. मी ते वळवून खळ्यावर आणलं, आणि आता ते तोंड करून माझ्याकडे येत होतं. कडेला मोहाची झाडं. पंख झाडांकडे कलला. मी सावरायला गेलो तर आणखीच कलला. वहिनींनी पदर तोंडात धरला. माझं डोकं बंद पडलं.

तेवढ्यात खळ्याच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "डायवर साइड! डायवर साइड घ्या, भाऊ!"

हात आपोआप उजवीकडे गेला. विमानाचं तोंड कुठे आहे याचा विचारच केला नाही, मला फक्त गाडीची उजवी बाजू माहीत होती. पंख झाडांपासून सुटला. "येऊ द्या... येऊ द्या... कंडक्टर साइड थोडीशी... बस... येऊ द्या..." आणि नळीवर एक ठोका. टन्. मी इंजिन बंद केलं. चाकं शेणाच्या सारवणावर टेकली, धावली आणि थांबली.

तो पळत आला. मला मिठी मारेल असं वाटलं होतं, पण हा आधी काठ तपासायला बसला. वहिनींनी पंखावरून हात फिरवला. "एवढंसं बी फाटलं नाई," त्या म्हणाल्या, आणि मग तो हसता हसता रडला. मीही रडलो, त्यात लाज कसली?

त्याच पावसाळ्यात तो गेला. सकाळी ड्युटीला निघायची तयारी करता करता छातीत कळ आली, तेवढंच. नवा कंडक्टर चांगला आहे, शिट्टी मारतो. मी आरशात बघून गाडी मागे घेतो. मला त्याची आठवण रोज येते आणि ती रिव्हर्सलाच येते.

यंदा उन्हाळ्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तलाव सुकला. खळं तयार करून ठेवलं. साहेबांनी सकाळ देल्ली."

"वहिनी, उडवता येईल. पन उतरवू कसं? आवाज कोन देईल?"

"तुमी या त खरं," त्या म्हणाल्या.

गेलो. तीच माणसं, तेच अनवाणी साहेब. वहिनी खळ्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, एका हातात नळी, दुसऱ्या हातात पंच. टन्-टन्. "जाऊ द्या, भाऊजी!" विमान वर गेलं, उन्हात साडी पेटल्यासारखी झाली, लोकांनी पुन्हा तलाव डोक्यावर घेतला. मग मी ते वळवलं आणि ते तोंड करून माझ्याकडे यायला लागलं.

"येऊ द्या... येऊ द्या... डायवर साइड, भाऊजी... आता कंडक्टर साइड, थोडीशी... येऊ द्या..."

आवाज बारीक होता, पण ओढून म्हणायची रीत तीच. माझे डोळे भरून आले आणि विमान दिसेनासं झालं. मी आवाजावरच आणत राहिलो. मग नळीवर एकच ठोका पडला, आणि मी इंजिन बंद केलं.