गुळगुळीत बटाटा

मामांनी आयुष्यभर भिंती गुळगुळीत केल्या. प्लास्टर करावं तर मामांनीच. त्यांच्या भिंतीवर माशीसुद्धा घसरते, असं मुकादम नव्या गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. मग एक दिवस परांची सरकली, मामा खाली आले आणि उजवा खांदा जायबंदी झाला तो झालाच. हात छातीच्या वर जाईना. अशा हाताने कसली भिंत करता!

घरी बसून जीव नुसता विटून गेला. टोळीतली माणसं भेटायला यायची, पण ती कशी? एरवी एकमेकांची यथेच्छ खेचणारी ही मंडळी मामांपुढे मूग गिळून बसायची. "जपा हं, मामा," म्हणायची आणि निघायची. मुकादम तर लंगोटीयार, तोही दबक्या आवाजात बोलायचा. मेल्यांनो, मी अजून जिवंत आहे, असं ओरडावंसं मामांना वाटायचं.

शेवटी ते स्वतःच मुकादमाकडे गेले.

"तुझी माणसं दुपारी कोरडा पाव चावतात. मी रांधतो त्यांच्यासाठी. मला कामावर घे."

मुकादमाने डोकं खाजवलं. "शनिवारी एकदा करून दाखव. टोळीला आवडलं तर राहा. नाही आवडलं, तर पुन्हा गळ घालू नकोस बाबा."

मामांनी फिश पाय, म्हणजे बटाट्याच्या थराखाली भट्टीत भाजलेले मासे, करायचं ठरवलं. मामींचा हातखंडा पदार्थ, त्यांनीच शिकवला. साइटसमोरच्या बेकरीवालीने सांगितलं, सकाळचे पाव निघाले की भट्टी तुमची.

शनिवारी मामांनी मासे दुधात मंद शिजवले आणि काटे बोटांनी चाचपून वेचले. लोणी-मैदा परतून त्यात तेच दूध घातलं, एक गुठळी होऊ दिली नाही. वाटाणे, उकडलेली अंडी, मिरपूड. मोठ्या ट्रेमध्ये हे सगळं ओतून वर लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा पसरला.

"वरून काट्याच्या चमच्याने ओरखडे काढा," मामींनी बजावलं होतं. "खडबडीतच राहू द्या. वाफेला वाट हवी."

मामांनी तो चमचा उचलला आणि परत ठेवला. खडबडीत? आणि त्यांच्या हातचं? टोळी काय म्हणेल! त्यांनी उलथनं पाण्यात बुडवलं आणि बटाट्यावर असा काही हात फिरवला की विचारू नका. कडासुद्धा दाबून लिंपून टाकल्या आणि ट्रे भट्टीत सरकवला.

दुपारी विटांवर आडवं दार टाकून केलेल्या टेबलाभोवती सगळे जमले. मामांनी ट्रेवरचं फडकं काढलं. बटाटा पांढराफटक, मधोमध फुगलेला. बघता बघता फट् आवाज झाला, एक पोपडा उडाला आणि आतला रस थेट मुकादमाच्या शर्टावर.

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात टोळीतला रंगारी पुढे वाकला. प्लास्टर पोकळ आहे का हे बघायला भिंतीवर टकटक करतात, तशी त्याने चमच्याने बटाट्यावर टकटक केली.

"मामा, पोकळ वाजतंय. तोडा आणि परत करा!"

सगळी टोळी हसून लोटपोट झाली. कोणी म्हणालं, माशाला पाय फुटले म्हणून तो पळायला बघतोय. मामाही हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच कोणी त्यांची खेचली होती, आणि त्यांना खरंच बरं वाटलं.

मुकादम मात्र शर्ट पुसत होता. "माणसं भुकेली आहेत रे. हे काय करून ठेवलंस?"

"जरा दम धर."

मामांनी काट्याचा चमचा मागून घेतला आणि काळजावर दगड ठेवून तो सुरेख बटाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरबाडला. वर लोण्याचे गोळे टाकले आणि दोघांनी ट्रे उचलून पुन्हा भट्टीत नेला. टोळी कुरकुरत थांबली.

ट्रे परत आला तेव्हा बटाट्याची टोकं तांबूस खरपूस झाली होती. मग नुसते चमचे वाजत होते. कोपऱ्यातल्या करपलेल्या तुकड्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. मामांनी मात्र अजून एक घासही घेतला नव्हता. ते मुकादमाच्या तोंडाकडे बघत होते.

मुकादमाने तळ खरवडला, चमचा चाटला आणि एकदम खेकसला, "अरे गाढवा, बघत काय बसलास? ट्रे घासायला घे! आणि सोमवारी उशीर केलास तर तंगडं मोडीन!"

मामा ताडकन उठले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी सगळ्यांसमोर बाहीने पुसले.