खानावळीचा ख

मला जाड अक्षरांचं वेड आहे. नाजूक, वळणदार अक्षरं लग्नपत्रिकेत शोभतात. रस्त्यावर त्यांना कुणी विचारत नाही. गेवराईत फ्लेक्सच्या दुकानात मी दिवसभर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर करतो आणि जरा सवड मिळाली की स्वतःचा फाँट काढत बसतो. नियम एकच: गोल आणि सरळ रेघ, तिसरं काही घ्यायचं नाही. ठ तर आयता गोल. व, ब, क एकाच साच्यातून निघाले. ळ ला दोन गोल शेजारी टेकवले. इ मात्र काही केल्या ऐकेना. रेघ जाड केली की आतली पांढरी जागा बुजते, पांढरं वाढवलं की अक्षर पोकळ वाटतं. या भानगडीत माझा डबा कितीदा तरी तसाच घरी गेला.

यंदा दादा-वहिनींनी ऊसतोडीला जायचं नाही असं ठरवलं आणि हायवेलगत पत्र्याचं शेड टाकून खानावळ काढली. चालली तर लेकरांची शाळा सुटणार नव्हती; नाही चालली तर पुन्हा कोयता. बोर्डाचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. धावत्या ट्रकमधून वाचता यावं म्हणून मी माझाच फाँट घातला, पिवळ्यावर काळा. अक्षरं आणखी मोठी बसावीत म्हणून वरची शिरोरेघ काढून टाकली. वहिनी म्हणाल्या, अक्षरांच्या डोक्यावरचा पदर गेल्यासारखं दिसतंय. हल्ली असंच करतात, असं सांगून मी तो विषय मिटवला.

गाड्या काही थांबेनात. भाकऱ्या घरचेच खात होतो. शेवटी मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि बोर्डाकडे बघत बघत मागे सरकत राहिलो. कुठलं अक्षर कुठे दगा देतं, ते मला बघायचंच होतं. जरा लांब गेल्यावर ख फुटला. र वेगळा, व वेगळा. वर रेघ नाही, त्यामुळे सगळ्यांना बांधून ठेवणारं काहीच उरलं नव्हतं. पिवळ्या बोर्डावर ठळक दिसत होतं: रवाना वळ. जेवायला या म्हणायचं सोडून आमची खानावळ लोकांना वाटेला लावत होती. मला हसू आवरेना.

र चा पाय व च्या खाली नेऊन जोडावा, असा विचार करत परत आलो, तर शेडपुढे मुकादमाची जीप उभी. दरवर्षी दादा-वहिनींना तोडीला नेणारा तोच. धंदा बसत नाही, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. रस्त्यावरून येताना लांबून वाचलेला बोर्ड त्याने मोठ्याने म्हणून दाखवला आणि हसला.

"बोर्डच म्हणतोय, रवाना. काहून थांबता वैनी? चला की."

दादा खाली मान घालून उभा होता. वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली.

"त्यो तुमाला म्हणतोय, मुकादम. जेवा अन् निघा. आमी न्हाई येत."