माझ्या लेकीची हळद

लेकीचं लग्न ठरलं, गल्लीत पेढे वाटून झाले, आणि त्याच संध्याकाळी धाकटे दीर माझ्याकडं आले. चप्पल दारात काढून खुर्चीवर बसले. बराच वेळ मांडव कुठं घालायचा, आचारी कुठला, असं बोलले. मग म्हणाले, "वैनी, एक सांगायचं हाय. हळदीला आन मांडवात तेवढं तुमी मागं ऱ्हावा. देवकाला आमी दोघं बसतो. कन्यादानबी आमीच करतो. तुमी काय काळजी करू नगा."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मोठ्या भावाच्या मुलीची जबाबदारी आपण उचलतोय, असंच त्यांना वाटत होतं. उसाची शेती त्यांनी एकट्यानं सांभाळली, माझ्या वाट्याचं कधी बुडवलं नाही. पण मला ते बोलणं कानाखाली बसल्यासारखं लागलं.

माझे मालक फौजेत होते. लेक दुसरीत असताना डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली. त्यांना तिरंग्यात गुंडाळून आणलं तेव्हा रहिमतपूरच्या रस्त्यापासून आमच्या गावापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. घोषणांनी कान बधिर झाले होते. त्या घोषणा विरायच्या आधीच बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या. मी हात पुढं केले. तेव्हा मला कशाचीच शुद्ध नव्हती.

पुढं साताऱ्यात एका कार्यालयात नोकरी लागली. रोज एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. दर पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत माझा सत्कार व्हायचा. वीरपत्नी म्हणून शाल, नारळ, टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्या त्याच बायका संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आमच्या गल्लीत यायच्या, आणि माझं दार सोडून पुढच्या दारात जायच्या. मी मनावर घेत नव्हते. एका बोटाच्या कुंकवावाचून आपलं काय अडलंय, असं म्हणायची. पण ही हळद माझ्या लेकीची होती.

मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, तुमच्या चुलत्यांनी बायको गेल्यावर पोरीचं लग्न केलं. बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचून देवकाला बसले होते. त्यांना कोणी मागं राहा म्हटलं होतं का?"

"त्यांची गोष्ट येगळी."

"काय वेगळी?"

"आवं, गडीमाणूस हाय. रीतच तशी हाय. ती काय मी काढली न्हाई."

"मग मीपण सुपारी खोचून बसते."

दीर उठले. दारात चप्पल घालताना म्हणाले, "मग तुमचं तुमी बघा. मी येनार न्हाई." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची चुलतसासू काठी टेकत आली. मी तिला काकीच म्हणते. तीही तरुणपणीच विधवा झालेली. मला वाटलं, हिला तरी कळेल. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मी न्हाई गेले गं कवा कुणाच्या हळदीला. माझ्या पोरीच्याबी न्हाई. मेले का मी?"

"मेला नाहीत काकी. पण तुमच्या पोरीला हळद लागली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

तिनं काठी उंबऱ्याला टेकवली. मग म्हणाली, "म्हशीच्या गोठ्यात."

"मी गोठ्यात बसणार नाही."

ती उठून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

खरा त्रास झाला तो लेकीचा. ती सांगलीत शिकली, तिथंच नोकरीला लागली, मुलगाही तिथलाच, तिनंच निवडलेला. मला वाटलं होतं, ती माझ्या बाजूनं उभी राहील. फोनवर ती रडायला लागली. "आई, लग्न मोडेल गं. तू हळद नाही लावलीस म्हणून तू माझी आई नाहीस असं होतं का?"

"होत नाही. पण मी मागं बसले, तर माझ्या सावलीनं तुझं वाईट होतं, हे मी कबूल केलं असं होतं. ते मी कबूल करणार नाही."

"आणि मोडलं तर?"

"मोडू दे. असल्या कारणानं मोडणारं लग्न आधी मोडलेलं बरं."

तिनं फोन ठेवला. नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. त्या दिवसांत मला घास गोड लागला नाही, हे खरं आहे. आपण आपल्या हट्टापायी पोरीचं नुकसान करतोय का, हेही मनात येऊन गेलं. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगलीला बातमी जाण्यापेक्षा आपणच जावं, असं ठरवून मी रजा काढली आणि रेल्वेनं सांगली गाठली.

विहीणबाईंनी पोहे केले. व्याही समोर बसले. मी पोह्यांना हात लावायच्या आधीच बोलले. "मुलीची हळद मी लावणार. देवकाला मी बसणार. कन्यादान म्हणा, पाठवणी म्हणा, जे असेल ते मी करणार. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा."

व्याही भला माणूस. जरा घुटमळून म्हणाले, "तुमच्या घरच्या कार्यात आम्ही कशाला बोलू? फक्त सीमांतपूजनाला मुलाला ओवाळायचं असतं ना, ते तेवढं दुसऱ्या कुणी केलं तर बरं. आमच्याकडं जुनी माणसं आहेत."

"म्हणजे माझी हळद मुलीला चालते आणि माझं निरांजन मुलाला चालत नाही?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. मी अर्धं मागायला आले नाही."

विहीणबाई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडं न बघता मला म्हणाल्या, "ओवाळा तुम्हीच. जुन्या माणसांचं मी बघते. पोहे गार होतायत." त्यांनी हे प्रेमानं म्हटलं की कंटाळून, मला आजही सांगता येणार नाही. पण म्हटलं, आणि पाळलं.

गुरुजींना मी फोनवरच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सुपारीची सोय पुरुषासाठी असते, बाई." मी म्हटलं, "सुपारीला कळतं का, ती कुणाच्या कमरेला आहे ते?" ते हसले. म्हणाले, "बसा. मुहूर्त चुकवू नका म्हणजे झालं."

हळदीच्या दिवशी भावकीतल्या निम्म्या घरांना कुलपं होती. कुणाला परगावी काम निघालं, कुणाची तब्येत बिघडली. दीर आले नाहीत. अंगणात पाट मांडला, लेक येऊन बसली. तिचा चेहरा ओढलेला होता. मी हिरवी साडी नेसले होते, हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मी वाटी उचलली. तिच्या गालाला हळद लावली, खांद्याला लावली, पायाला लावली. पायाला लावताना तिनं माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. एवढ्या दिवसांचा तिचा अबोला तिथं संपला.

मग मी मागं वळून पाहिलं. सुवासिनी म्हणवणाऱ्या मोजक्याच बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यात माझी जाऊ होती. नवऱ्याला न विचारता आली होती. पदर खोचून पुढं आली आणि म्हणाली, "सरा अक्का, आता मला लावू द्या."

काकी ओसरीवर बसली होती. मी वाटी घेऊन तिच्याकडं गेले. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मला नगं," म्हणाली. मी आग्रह केला नाही. जो हक्क मी माझ्यासाठी मागत होते, त्यात नको म्हणायचाही हक्क आला. पण ती शेवटपर्यंत तिथून हलली नाही. सगळं बघत बसली.

लग्न झालं. मी सुपारी खोचून देवकाला बसले, जावयाला ओवाळलं, लेकीचा हात त्याच्या हातात दिला. आभाळ कोसळलं नाही. लेकीचा संसार नीट चालला आहे. पण तो नीट चालला म्हणून मी बरोबर ठरले, असं मी म्हणत नाही. उद्या त्यांच्यात भांडण झालं, काही दुखलंखुपलं, तर गाव माझ्या हळदीकडं बोट दाखवेल, हे मला माहीत आहे. दाखवू दे. सवाष्णींनी हळद लावलेल्या किती पोरी माहेरी परत आल्या, त्याबद्दल कोणी सवाष्णींना जाब विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

जाऊ दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येते, मीही तिच्याकडं जाते. दीर त्या वेळी मळ्यात निघून जातात. रस्त्यात समोर आले तर मान खाली घालतात. त्यांनी माझ्यासाठी केलेलं मी विसरलेले नाही, आणि बोलले तर मी चांगलंच बोलेन. पण माफी मागून सुरुवात करायची असेल, तर ती माझ्याकडून होणार नाही.