घरून आणलेले तांदूळ

दर शनिवारी धारहून बसच्या टपावर चार सूर्यचुली टाकून एक माणूस आमच्या देवासच्या कॉलनीत विकायला यायचा. चुलीच्या पेटीची काच आधी फुंकायचा, मग सदऱ्याच्या टोकानं पुसायचा आणि विचारेल त्याला म्हणायचा, "एक घंटा, भिया. घासलेट नको, धूर नको." तांदूळ घरूनच डब्यात आणायचा, नुसते भिजवलेत म्हणायचा; डबा मात्र कुणाला उघडू द्यायचा नाही. तासाभरात भात मोकळा व्हायचा. बायका चाखून बघत, पण चूल कुणी घेत नसे.

त्या उन्हाळ्यात कॉलनीत काविळीची साथ आली. पाणी चांगलं उकळून प्या, असं डॉक्टर म्हणाले, पण रेशनचं घासलेट पुरेना. तो रोज पहिल्या बसनं यायला लागला. चारही चुलींत पाणी ठेवायचा आणि फुकट वाटायचा.

पहिल्याच दिवशी तास झाला तशा शेजारच्या काकू भांडं घेऊन उभ्या राहिल्या. "द्या की आता. तासात भात होतो ना तुमचा?"

त्यानं झाकणावर हात ठेवला. धूळ नसलेली काच पुन्हा पुसली. म्हणाला, "काकू, तो भात मी घरून आधा शिजवून आणायचो. पाण्याला अजून दोन घंटे लागतील."

 काकू भांडं घेऊन सावलीत जाऊन बसल्या.

साथ ओसरल्यावर मी एक चूल घेतली. ती कशी वापरायची हे दाखवायला तो घरी आला, तेव्हा डबा आणला नव्हता. तांदूळ त्यानं आमच्याकडूनच मागून घेतले.