पाणी प्यायच्या पायऱ्या

"हे मराठी आहे का?" पुण्याहून आलेल्या साहेबानं विचारलं, अन् सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी फळ्यापाशी उभी. हातात खडू.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. साहेब आमच्या जालन्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर समजावून सांगायला आल्ता. ते यंत्र आम्ही कोणी पाह्यलं नव्हतं. त्यानं भोकं पाडलेली कार्डं दाखवली. म्हणाला, आज यंत्राला हुकूम असे द्यावे लागतात. उद्या साध्या बोलीत देता येतील का, करून पाहू. "समजा, मी कॉम्प्युटर. पाणी कसं प्यायचं, एकेक पायरी लिहा." अन् बोट माझ्याकडं.

मी लिहिलं, जसं बोलते तसं. दारापासून लांब उभं राह्यचं. आवाज द्यायचा. कोणी यील तवर थांबायचं. वाकून ओंजळ धरायची. वरून पाणी ओततील. भांड्याला शिवायचं न्हाई.

वाटूरजवळच्या आमच्या खेड्यात मी असंच पाणी पेत आल्ते. आम्ही बौद्ध. दीक्षा घेऊन किती वर्षं झाली, गाव तेच. घरी मी माठातूनच पाणी घेत होते की. पण बाहेर पाणी म्हणलं की आधी हेच डोक्यात येतं.

ते वाचूनच साहेबानं मराठीचं विचारलं होतं. हसणं थांबल्यावर म्हणाला, "निम्म्या पायऱ्या फालतू आहेत. माठ, पेला, पाणी. झालं. पुसून टाक."

वर्गातल्या पोरायला बराबर कळलं होतं मी काय लिहिलं ते. त्यायच्याच घरापुढं आमचे लोक ओंजळ धरत होते. म्हणून तर जास्त हसले. आमचे सर मान खाली घालून पुटपुटले, "पूस बाई, जल्दी." माझ्या अंगाचा भडका उडाला.

"न्हाई पुसणार," मी म्हणले. "गावातल्या माठाला हात लावला तर आम्हाला मार पडतो. मंग ह्या पायऱ्या फालतू कशा?"

"कॉम्प्युटरला जात नसते," साहेब हसून बोलला.

"त्याला शिकवणाऱ्याला असते."

सरांनी मला वर्गाबाहेर काढलं. फळा कोणीतरी पुसला. आत पोरं बाकं वाजवून राह्यली होती.

मी रडले न्हाई. व्हरांड्यातच उभी राह्यले. साध्या भाषेत यंत्र चालंल का? चालंल, एक दिवस बिलकुल चालंल. पण साधी भाषा म्हंजे कोणाच्या तोंडची, हे असले साहेब एकटे ठरवणार न्हाईत. ते ठरवायला जिथं बसतील तिथं मी जाऊन बसणार. कोणी बोलावणार न्हाई, ठाऊक आहे. तरी जाणार. अन् ऊठ म्हणलं तर उठणार न्हाई.