कडक भाकरीचा पंप

पाणी वरून खाली आणायचे काम देवाचे, आणि सोलापुरापुरते बोलायचे तर तेही त्याच्या मनात आले तर. पाणी खालून वर आणायचे काम मात्र माझ्या आतोबांनी अंगावर घेतले होते, आणि ते देवापेक्षा नियमित होते. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. गिरणीत कापड मोजायची नोकरी, भवानी पेठेत दोन खोल्या, अंगणात आड, आणि उरलेल्या आयुष्यात पंप. वेळूची गाठी फोडलेली नळी, झडप म्हणून सोडावॉटरच्या बाटलीतली गोटी, दट्ट्याला छत्रीची काडी. त्या पावसाळ्यात पेठेतली एकही छत्री धड उघडली नाही म्हणतात. मॅट्रिकला आपटून मी तेव्हा त्यांच्याकडे राहिलो होतो, त्यामुळे चीफ इंजिनियरची जागा आपसूकच माझ्याकडे आली.

या सगळ्याचे मूळ आत्याच्या खांद्यात होते. रहाट ओढून ओढून तिचा उजवा हात वर जाईनासा झाला. अंबाडासुद्धा शेजारीण घालून द्यायची. आतोबांनी एकदा ते पाहिले, आणि संध्याकाळी खांद्यावर वेळू टाकून घरी आले.

"तुझ्या घंगाळात आता पाणी आपोआप चढेल," ते म्हणाले.

"आधी माझा हात चढू द्या," आत्या म्हणाली.

पंप उभा राहिला आणि अडला तो दट्ट्याच्या चकतीपाशी. चकती कातडी लागते. ती पाहताच आत्या आडापुढे आडवी उभी राहिली. "देवाच्या पाण्यात कातडं?"

"अगं, शेतात कातड्याच्या मोटेचं पाणी पितेस की!"

"शेतात देव्हारा नसतो!"

आतोबा डोके धरून बसले. तेव्हा चीफ इंजिनियरने सुचवले, की या घरात कातड्याहून चिवट एकच वस्तू आहे: आत्याची कडक भाकरी. हे मी अनुभवाने बोलत होतो. माझी एक दाढ त्या भाकरीवर खर्ची पडली होती. आतोबांनी मला मिठीच मारली.

पहिल्या दिवशी धार अशी सुटली, की अंगणावरचा कावळा थेट अक्कलकोटाला जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी भाकरी फुगली आणि दांडा जागचा हलेना. मी त्याला लोंबकळलो. दांडा सुटला, मी घंगाळात बसलो, आणि डोक्यावर काला पडला. कुंपणावरून शेजारचे विणकर ओरडले, "आवो, तुमच्यात न्याहारीबी नळातनंच येती की! लई झ्याक!" त्यानंतर वर्षभर पेठेत मला कुणी नावाने हाक मारली नाही.

शेवटी आतोबांनी लग्नातला आपला रेशमी मुकटा फाडला आणि त्याच्या चकत्या केल्या. सोवळ्याचाच दट्ट्या, आत्याला बोलायला जागा उरली नाही. पंप चालला. पण रेशीम भिजून इतके घट्ट बसले, की दांडा माझ्या बापालाही दाबता येईना. तो फक्त आतोबांना दबे. रोज पहाटे, गिरणीचा भोंगा व्हायच्या आत, ते उघड्या अंगाने घरातले झाडून सगळे पाणी भरत. बघायला माणसे जमत. "प्रयोग अजून चालू आहे," आतोबा गंभीरपणे सांगत. तो वर्षानुवर्षे चालू राहिला.

एकदा मी शहाणपणाने आत्याला म्हणालो, "याच्या निम्म्या ताकदीत रहाट ओढून होईल."

आत्या अंबाडा घालत होती. स्वतःचा स्वतः, दोन्ही हात वर करून. तोंडातला आकडा काढून ती हसली. "अरे खुळ्या, रहाट ओढला असता तर पेठ त्यांना बाईलवेडा म्हणाली असती. यंत्र चालवतात, म्हणून रावसाहेब म्हणते."

चीफ इंजिनियरच्या डोक्यात हे कधी शिरले नव्हते.

आता आतोबा नाहीत, त्यांच्या घरात मी संसार थाटला आहे. आडावरचा तो वेळू वाळून उकलला आहे. यंदा माझी बायको पाणी भरून आली, की भिंतीला टेकून खांदा चोळत बसते. मला पंप बांधता येत नाही, आणि चार लोकांत रहाटाला हात लावायचा धीर होत नाही. परवा बाजारातून एक वेळू मात्र घेऊन आलो.

"हे काय?" बायको म्हणाली.

"प्रयोग," मी म्हणालो.

आत्याने तिला काय सांगून ठेवले होते कुणास ठाऊक. ती आत गेली, आणि ट्रंकेतून माझा लग्नातला मुकटा काढून तिने माझ्यासमोर ठेवला.