माईकवर बोललेलं खोटं

निकाल लागला त्याच्या चौथ्या दिवशी कडेगावच्या एसटी स्टँडसमोर माझा भलामोठा फ्लेक्स लागला. फोटो कुठून मिळवला होता देव जाणे. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा असावा. कुणीतरी संगणकावर माझा रंग चांगला उजळ केला होता आणि गालावरचा तीळ पुसून टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'आमच्या अकॅडमीची यशस्वी विद्यार्थिनी.' त्या अकॅडमीत मी उभ्या आयुष्यात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा सराव परीक्षा द्यायला.

"उतरवायला सांगा त्यांना," मी वडिलांना म्हणाले.

"ऱ्हाऊ दे की. चांगला दिसतोय," ते म्हणाले. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. उसाच्या रानात राबणारा, कमी बोलणारा माणूस. त्या आठवड्यात मात्र ते रोज काही ना काही कारण काढून स्टँडवर जात आणि फ्लेक्सखाली उभे राहून चहा पीत. त्यांच्याकडे बघून माझा राग गिळला जायचा, पण तो खाली काही उतरला नाही.

मी लिपिकाच्या परीक्षेत पास झाले होते. पद लहान होतं, पण सरकारी होतं. आणि त्याआधीची पाच वर्षं मी सांगलीत नाटकांना लाईट करत होते.

लाईट करणं म्हणजे काय, हे माझ्या घरात शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. आईला वाटायचं, मी बटणं दाबते. कॉलेजच्या एका एकांकिकेत एक बाई नवऱ्याचे कपडे घडी करून पेटीत ठेवते, असा शेवट होता. संवाद नाही, संगीत नाही. मी तिच्यावरचा उजेड इतका हळू उतरवला, की तो उतरतोय हे कुणाला जाणवू नये. शेवटी फक्त तिची बोटं आणि सदऱ्याची कॉलर राहिली. हॉलमध्ये तोवर लोक खोकत होते, खुर्च्या वाजत होत्या. ते सगळं थांबलं. माझी दोन बोटं उजेड कमी-जास्त करायच्या डिमरवर होती आणि पाचशे माणसांचा श्वास त्या बोटांखाली आहे असं मला वाटलं. त्यानंतर मला दुसरं काही करावंसं वाटेना.

आमच्या नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक मला म्हणायचे, "रंगभूमीची सेवा आहे ही. पैशासाठी करायचं असेल तर किराणा दुकान टाक." पहिली दोन वर्षं हे वाक्य मला फार थोर वाटलं. मी सांगली-कडेगाव एसटीचं तिकीट स्वतः काढायची, शिडीवर चढून दिवे बांधायची, दिव्यांनी पोळलेले हात घेऊन घरी जायची. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की सेवा सांगणारे हे गृहस्थ स्वतः पक्क्या पगाराच्या नोकरीत होते. सहाला ऑफिसातून सुटायचे, घरी जाऊन जेवायचे आणि मग तालमीला येऊन आम्हाला त्यागावर बोलायचे. त्यांच्या शर्टाला इस्त्री असायची. नाट्यस्पर्धेच्या पत्रकावर 'प्रकाशयोजना' या शब्दासमोर त्यांच्या मेहुण्याचं नाव छापलं गेलं, कारण मेहुण्याचा मंडप-लाईटचा धंदा होता आणि त्यानं दिवे फुकट दिले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नावासाठी काम करतेस काय?"

मला त्यांची शिसारी आली. त्यांच्या कपाळावरच्या गंधाची, ते 'कलावंत' हा शब्द उच्चारताना डोळे मिटायचे त्याची. पण लाईटची आली नाही. म्हणून मी टिकले. चौथ्या वर्षी परीक्षेचा फॉर्मही भरला.

निकालानंतरच्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. व्यावसायिक नाटकांना लाईट करणाऱ्या एका बाईंनी स्पर्धेत आमचं काम पाहिलं होतं आणि लाईट खरं तर कोण करतं, याची चौकशी केली होती. नव्या नाटकाचा दौरा होता. सहायक म्हणून ये, म्हणाल्या. पैसे प्रयोगावर. प्रयोग नसेल तर काही नाही. आठ दिवसांत कळव.

मी वडिलांना सांगितलं. ते शेतातून येऊन पाय धूत होते.

"म्हंजे ड्यूटी किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"नाटक चालेल तोवर."

"आनी न्हाई चाललं तर?"

"मग दुसरं नाटक."

ते बराच वेळ पायावर पाणी ओतत राहिले. मग म्हणाले, "तू ठरीव. मी न्हाई म्हननार न्हाई. पर नंतर माज्यावर ढकलायचं न्हाई."

आजवर मला कुणी दिलेलं सर्वात मोठं स्वातंत्र्य ते, आणि मी दोन दिवसांत ते वापरून पुण्याला नकार कळवला. दबाव नव्हता, कुणी रडलं नाही, कुणी आजारी पडलं नाही. मला माझी स्वतःची खोली हवी होती, जिची किल्ली माझ्याकडे असेल. दर दिवाळीनंतर येणाऱ्या स्थळांना नाही म्हणायची ताकद हवी होती. ती पगारात होती, डिमरवर नव्हती. इतकी सरळ गोष्ट. हीच मी नंतर माईकवर सांगितली असती, तर पुढचं काही घडलं नसतं.

नेमणूक साताऱ्यात मिळाली. हजर व्हायला महिनाभर अवकाश होता आणि त्या महिन्यात माझे सत्कार झाले. ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा, तरुण मंडळ, भावकी. पहिल्या मिरवणुकीतला गुलाल आठवडाभर कानातून निघत होता. प्रत्येक ठिकाणी तीच पातळ शाल, प्लास्टिकच्या पिशवीतून नुकतीच काढलेली, रॉकेलसारखा वास येणारी. घामेजलेल्या मानेवर ती टाकली की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. ओळख ना पाळख असे पुढारी फोटोसाठी खांद्यावर हात ठेवायचे आणि फोटो निघाल्यावरही काढायचे नाहीत. माईक आधीच्या पाच भाषणांच्या थुंकीनं ओला असायचा. ज्या चुलत्यांनी 'पोरगी नाटकवाल्यांत फिरती' म्हणून वर्षभर आमच्याकडचं जेवण टाळलं होतं, ते पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते.

मग अकॅडमीचे सर घरी आले. सांगलीत मंगल कार्यालयात त्यांचा पालक मेळावा होता, मी बोलावं अशी त्यांची इच्छा होती. फ्लेक्सबद्दल मी काही म्हणायच्या आतच त्यांनी वडिलांच्या पाया पडून घेतलं. वडिलांनी शब्द दिला. मीही गेले. फार आढेवेढे घेतले असंही नाही.

स्टेजच्या मागे सर मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी नाटकात होता म्हने. तेवढं सांगा बरं का. नाद सोडला, म्हनून पास झाला, असं. पालकांना लय भावतं."

"पण मी सोडलं नव्हतं," मी म्हणाले. खरंच नव्हतं. परीक्षेच्या वर्षात मी चार प्रयोग केले होते. विंगेत, मोबाईलच्या उजेडात, इतिहासाच्या नोट्स वाचल्या होत्या. तालमी नसत्या तर मी त्या अभ्यासानं वेडी झाले असते.

"ते कशाला सांगायचं?" सर हसले. "पोरांच्या भल्यासाठीच हाय की."

आणि मी ते बोलले. समोर पाचसहाशे माणसं होती, वर माझ्यावर एक भडक पांढरा दिवा होता, चुकीच्या कोनात लावलेला, हेसुद्धा मला दिसत होतं. मी म्हणाले, "मला नाटकाचा नाद होता. एक दिवस मी ठरवलं, आता बास. आवड पोट भरत नाही. मी तो नाद जाळून टाकला, म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे." 'जाळून टाकला' हे माझं स्वतःचं होतं, सरांनी सांगितलेलं नव्हतं. तिथे मी जरा थांबले. कुठे थांबायचं हे मला नाटकानंच शिकवलं होतं. टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या. हे लिहिताना आजही तोंडात कडू चव येते, पण आवडल्या.

सरांनी त्याचा व्हिडिओ केला, मागे सनई-चौघडा लावला आणि सगळीकडे पाठवला. मी साताऱ्याला हजर झाले, खोली घेतली, आणि त्या व्हिडिओचा विचार करणं सोडून दिलं.

सातआठ महिन्यांनी एका रविवारी मी गावी होते. दुपारी दारात एक बाई आणि तिची मुलगी येऊन उभ्या राहिल्या. जत तालुक्यातल्या, दोन एसट्या बदलून आलेल्या. मेंढरं राखणारं घर, आता थोडी शेतीही. बाईच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. ती वाकून माझ्या पाया पडायला लागली. माझ्या आईच्या वयाची बाई. मी मागे सरले.

"आवं म्याडम, तुमच्यामुळं पोरगी वळनावर आली बगा," ती म्हणाली. "चित्रकलंच्या कालेजात नाव लागलं हुतं हिचं, सांगलीला. मातीचं कायबाय करत बसायची. तुमचा इडिओ रोज दाखीवला हिला, रोज. एक दिस आपनहून म्हनली, नाव काढून टाकते. आता सरांच्याच क्लासला हाय."

पेढे त्याबद्दल होते.

मुलगी एकोणीस-वीस वर्षांची. मी तिला विचारलं, मातीचं काय करायचीस? तिनं आईकडे बघितलं, मग मोबाईल काढला आणि एक फोटो दाखवला. मेंढी. व्यायला आडवी पडलेली, मान मागे ताणलेली, एक पाय हवेत. तलावातल्या मातीची होती. मेंढीचा तो ताण, ती उचकटलेली नाकपुडी, हे आयुष्यभर मेंढरांत राहिलेल्या माणसालाच दिसतं, आणि त्यांतल्याही एखाद्यालाच करता येतं. मी तो फोटो बघत राहिले.

"कुठे आहे ही?"

"मोडली. परत माती केली."

मी तिथेच सांगितलं. आईसमोर. म्हणाले, "मी भाषणात खोटं बोलले. मी नाटक सोडलं नव्हतं. परीक्षेच्या वर्षातही करत होते. मी काही जाळलं नाही."

बाईचा चेहरा आधी कोरा झाला, मग कडक. "असं कसं म्याडम? एवड्या मानसांम्होरं?"

मुलीनं मोबाईल खिशात ठेवला. ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती.

"कशापायी बोललासा?" ती म्हणाली.

टाळ्यांसाठी, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "सरांनी सांगितलं म्हणून."

"तुमाला कुनी सांगितलं म्हनून तुमी बोललासा. मला तुमी सांगितलं म्हनून मी सोडलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमाला नोकरी तरी लागली."

पेढ्यांचा बॉक्स त्यांनी परत नेला. मला त्याचं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सांगलीला गेले. सरांना म्हणाले, व्हिडिओ काढा आणि त्या मुलीला जाऊन खरं सांगा. ते खुर्चीत रेलून पेरू खात होते. मिठाची बोटं चाटत म्हणाले, "मॅडम, व्हिडिओ आता माज्या हातात ऱ्हायला न्हाई, लोकांच्या मोबाईलमधी गेलाय. आनी खोटं तुमी बोलला. मी फक्त शूटिंग केलं." पेरूची बी त्यांच्या दातात अडकली होती आणि ते ती जिभेनं काढत माझ्याकडे बघत होते. मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि त्यामुळे जिना उतरताना मला त्यांच्यापेक्षा माझ्या स्वतःच्या तोंडाचीच जास्त किळस आली.

मी कला महाविद्यालयात चौकशी केली. प्रवेश रद्द झालेला, जागा भरलेली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, असं तिथल्या कारकून बाईंनी सांगितलं. तिच्या जुन्या अर्जावरून नंबर आणि पत्ता घेऊन मी मुलीला फोन केला. तिच्या आईनं उचलला आणि ठेवला. मग मी पत्र लिहिलं, सगळं खरं, टाळ्यांसकट. त्याचं उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी अर्जाची मुदत येऊन गेली. तिनं अर्ज केला नाही. हे मला कॉलेजात पुन्हा विचारल्यावर कळलं. आता ती पोलीस भरतीची तयारी करते, असं जतकडच्या एका सहकाऱ्याकडून ऐकलं. होईलही भरती. मातीत हात घालते की नाही, ते त्याला माहीत नव्हतं, आणि असं विचारावं का, हेही मला कळलं नाही.

मी नोकरीत आहे. सोडणार नाही. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे आणि स्थळं यायची थांबली आहेत. साताऱ्यात काही मुलं हौसेनं नाटक करतात, त्यांना मी शनिवार-रविवार लाईट करून देते. पत्रकावर माझं नाव छापा आणि एसटीचं भाडं द्या, एवढंच आधी सांगते. त्यांना ते व्यवहारी वाटतं. वाटू दे.

सत्काराची बोलावणी अजून येतात. गेल्या महिन्यात शिरवळजवळच्या एका शाळेनं मुलींना मार्गदर्शन करायला बोलावलं. मी मुख्याध्यापकांना विचारलं, शाल असेल का? ते उत्साहानं म्हणाले, शाल, श्रीफळ, सगळं आहे. मी त्यांना नाही म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, मला माईकवर बोलता येत नाही.

त्यांना तो विनय वाटला.